क्लेमचा एकुलता पाय

क्लेम हारग्रीव्हचा उजवा पाय तरुणपणी ट्रॅक्टरखाली गेला आणि मांडीच्या मुळापासून कापावा लागला. उरलेल्या डाव्यावर, कुबड्या घेऊन, त्यानं ऑस्ट्रेलियातल्या वॉगा गावाजवळ जन्मभर मेंढ्या सांभाळल्या. आता तोच गुडघा झिजला होता. मी बसवणार तो नवा गुडघा वाकडा बसला, तर म्हातारा कायमचा खुर्चीत आणि मेंढ्या लिलावात.

कमरेखाली बधिर केलं होतं, पण जीभ शाबूत होती. "डॉक्टरबाई, मी उजवीकडे कलंडतोय. तिकडं टेकू द्यायला पायच नाही."

"पट्टा बांधलाय. गप्प पडा बघू."

मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बारके चेंडू लावलेल्या पिना बसवल्या. कॅमेरा ते चेंडू बघतो. पाय खुब्यातून गोल फिरवला की कॉम्प्युटर खुब्याचा मध्य शोधतो आणि हाड कुठं कापायचं ते सांगतो. त्याप्रमाणे करवतीला दिशा देणारा ठोकळा हाडाला लावला.

"मॅडम, शून्य अंश. एकदम सरळ," माझी असिस्टंट ब्रॉनविन म्हणाली.

मी करवत उचलली आणि माझं डोकंच सणकलं. ठोकळा धडधडीत तिरका दिसत होता.

"हे सरळ? डोळे फुटले का तुझे? कुणाचा तरी कोपर लागून पिन हललीय."

"हलली असेल तर खूण सांगेल," ती शांतपणे म्हणाली.

हाडावर आधीच केलेल्या खुणेवर कॅमेऱ्याला दिसणाऱ्या सळईचं टोक टेकवलं. जुळलं, म्हणजे पिन हललेली नव्हती. पाय पुन्हा फिरवला. पुन्हा शून्य. माझा राग वाढत गेला, कारण आता मला भीती वाटत होती. इतकी वर्षं याच डोळ्यांनी गुडघे बसवलेत. आणि हाड एकदा कापलं की कापलं. शेवटी ठोकळा हलवायला मी हात घातला.

"सगळ्या गप्प का झालात?" पडद्यापलीकडून क्लेम म्हणाला. "मी अजून उजवीकडंच कलंडलोय, सांगून ठेवतो. मग म्हणाल सांगितलं नाही."

माझा हात तिथंच थांबला. "सिस्टर, चादरीखालून त्यांची कंबर बघ गं जरा."

ती वाकली. "चांगलीच कललीय, डॉक्टर. पट्टा सैल झालाय."

अख्खा माणूस तिरका होता; कॉम्प्युटर त्याच्या हाडांवरून मोजत होता आणि मी टेबलाकडे बघून पाय जोखत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पट्टा आवळून घेतला, ठोकळा होता तिथंच ठेवला आणि करवत चालवली.

दुसऱ्या दिवशी क्लेम वॉकर धरून उभा राहिला. मी पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"सरळ आहे?"

"आहे."

"कशावरून? ताडून बघायला दुसरा पाय कुठाय?"

मला हसू येईना. "कलंडतोय म्हणून तुम्ही सांगत होतात ना," मी म्हणाले, "त्यावरून."