मानसिंग कोणाकडून खेळणार

भादव्यात वेल्ह्याला काम नसतं असं नाही, पण जे असतं ते भात आपलं आपण करत असतं. लावणी उरकलेली, कापणी लांब, खाचरात पाणी आणि हुतूतूच्या मैदानावर नुसता चिखलाचा राडा. अशा दिवसांत वेल्ह्याची माणसं सावळारामच्या हॉटेलात बसून पुढच्या चैत्रातली जत्रा खेळत. हॉटेल म्हणजे एस.टी. थांब्यासमोरची पत्र्याची शेड, दोन बाकडी आणि एक चूल. चहा बरा असे, गप्पा मात्र पहिल्या प्रतीच्या.

सावळाराम स्वतः कधी धड खेळला नव्हता. त्याचा दम समोरच्याच्या हद्दीत पाऊल टाकायच्या आतच सुटायचा. पण कोणता गडी कोणत्या गावाकडे वळणार, कोणाचं कोणाशी बिनसलं, यावर तो बोलायला लागला की चुलीवरचं दूध उतू जाई आणि बायको फुलाबाई आतून धावत येई. पोटात गोष्ट राहणं त्याला ठाऊकच नव्हतं. एखादी बातमी कानावर आली की ती कपाबशीबरोबर गिऱ्हाइकापुढे ठेवलीच पाहिजे, असा त्याचा स्वभाव.

बातम्या आणायचं काम कुंडलिक कंडक्टरकडे होतं. भोरहून येणाऱ्या गाडीवर त्याची ड्यूटी असे आणि वाटेतल्या थांब्याथांब्यावरच्या अफवा तो तिकिटांबरोबर गोळा करी. कोयनेच्या भूकंपानंतरचं ते दुसरं वर्ष. एका दुपारी गाडी लागली आणि कुंडलिक टोपी काढून बाकड्यावर टेकतो न टेकतो तोच म्हणाला, "मानसिंग किकवीला चालला."

बाकड्यांवरच्या सगळ्यांचे कान टवकारले. मानसिंग हिर्डोशीचा. वरंधा घाटाच्या वाटेवरचं ते डोंगरातलं गाव, पण चढाईला असा गडी साऱ्या टापूत नव्हता. गेल्या जत्रेत वेल्ह्याचे तिघे त्याच्या पायाला लोंबकळत असताना हा बाबा मधली रेघ शिवून मोकळा झाला होता. तेव्हापासून वेल्ह्यानं त्याला जितक्या शिव्या घातल्या, तितकाच तो आपला असावा असंही वाटून घेतलं होतं.

आता हिर्डोशीचा गडी किकवीला जाणार कसा, तर त्याला एकच वाट होती. या गावांच्या जत्रेत बाहेरचा गडी चालत नसे. खेळायचं तर गावच्या माणसानं, नाहीतर गावच्या जावयानं. त्यामुळे भादव्यात गड्यांची चर्चा कुठं संपते आणि स्थळांची कुठं सुरू होते, हे कळायला मार्ग नव्हता.

"त्याचा चुलता किकवीला उतरला," कुंडलिक सांगत होता. "हातात पेढ्याचा पुडा. म्या ह्या डोळ्यांनी बघितला."

"नवसाचं पेढं असतील," गेनू म्हणाला. गेनू म्हणजे वेल्ह्याचा पकड करणारा गडी, आता चाळिशीकडे झुकलेला.

"नवस किकवीला कुठं फेडत्यात? पसंती झाल्याचं पेढं हायेत ते."

"किकवीला जाऊन करंल काय तो?" सावळाराम चहा गाळता गाळता म्हणाला. "रस्त्याकडंचं गाव. त्यांची पोरं सायकलीवर बसून बसून मऊ झाल्यात. चढाई एकट्यानं हुती, पर मागं पकड करणारं कोण तरी लागतंय का न्हाई? ते गेनूसारखं हितं हाय."

"त्यांच्याकडं तो डावरा हाय," रामभाऊंनी आठवण करून दिली. रामभाऊ संघाचे कारभारी, वयानं मोठे, त्यांचा शब्द शेवटचा. "डावरा आन् मानसिंग एका बाजूला आलं, तर जत्रंला आपुन नुसती रेवडी वाटायची."

हे ऐकून सावळारामच्या अंगात आलं. हातातलं गाळणं उंच धरून तो म्हणाला, "मंग आपुनच द्यावी की पोरगी. वेल्ह्यात काय पोरी न्हाईत व्हय?"

सगळे शेडच्या मागल्या बाजूला बघायला लागले. तिथं सावळारामची अंजना कपबशा विसळत बसली होती.

"औंदा हिचं बघायचंच म्हणत व्हतास की," रामभाऊ सावकाश म्हणाले.

सावळारामच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी द्यावी म्हणजे कोणाची तरी, असं त्याच्या मनात होतं. स्वतःची असा विचार त्याला शिवलाही नव्हता. आणि हिर्डोशी म्हणजे काय, तर जिथं एस.टी. मनात आलं तर जाते, नाहीतर माणसानं पायांवर भरवसा ठेवायचा. भात आणि नाचणी, डोंगर आणि धुकं. हिर्डोशीची टिंगल तर हॉटेलात सगळ्यांत जास्त त्यानंच केली होती.

संध्याकाळी फुलाबाईनं त्याला चांगलंच धारेवर धरलं. "तुमी हुतूतूसाठी पोर द्यायला निगालात व्हय?"

"न्हाई गं. त्ये आपलं बोलण्यात आलं."

"बोलण्यात आलं ते आता गावात झालंय. पोरीला तरी इचारा."

सावळारामनं विचारलं. अंजना चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही, पण उत्तर तयार होतं. "गेल्या जत्रंत गेनूकाका पडला तवा त्यानं हात देऊन उठवलं. सामना चालू असताना. तुमी सगळी वराडत व्हता, कुणी बघितलंच न्हाई."

एवढं बोलून तिनं भाकरी तव्यावर टाकली. बापाला यातून जे समजायचं ते समजलं, आणि तरी डोंगराचा विचार त्याच्या मनातून जाईना.

पुढची सूत्रं रामभाऊंनी हातात घेतली. ते हिर्डोशीला जाऊन घर बघून आले. मानसिंगची आई धोंडाबाई, खाचरं, दोन बैल, सगळं नीटस होतं. किकवीची भानगडही उलगडली. मानसिंगच्या चुलत्याची लेक किकवीला दिली होती, तिला मुलगा झाला, त्याचे ते पेढे होते. म्हणजे किकवी मानसिंगला नेणार ही अफवा साफ खोटी होती, आणि तिच्या धसक्यानं वेल्ह्यानं मात्र खरोखरीची सोयरीक जमवली होती. कुंडलिक कंडक्टर चार दिवस हॉटेलाकडे फिरकला नाही.

मार्गशीर्षात लग्न झालं. वेल्ह्याचा अख्खा संघ पंगतीत वाढायला होता. मंगलाष्टकं चालू असताना सगळ्यांचे डोळे नवरदेवाच्या पोटऱ्यांवर होते आणि गेनू तर आत्ताच चैत्र असावा अशा नजरेनं त्याच्याकडे बघत होता. सावळाराम मात्र पोरीकडे बघत होता. ती निघाली तेव्हा तो शेडमागं जाऊन एकटाच रडला.

मग घर सुनं पडलं. कपबशा तो स्वतः विसळायला लागला. पहिल्या संक्रांतीला अंजना माहेरी आली तर ती वाळली होती. हातांना थंडीच्या चिरा पडलेल्या, खांद्यावर मोळीचा वळ. कशी आहेस म्हटलं की "बरी हाय" एवढंच. एस.टी. तिला घेऊन गेली आणि सावळारामचा जीव टांगणीला लागला. आपण लेकीला घर दिलं का गावाला गडी दिला, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. हॉटेलात संघावरून वाद रंगले की तो चूल फुंकत बसे. लोक म्हणाले, सावळाराम आता जावयाच्या दिमाखात आहे.

फाल्गुन लागला तसा नारळाचा दिवस आला. जावयाला गावाकडून खेळवायचं तर जत्रेआधी गावचा नारळ लेकीच्या घरी न्यायचा. तो लेकीनं पदरात घेतला की तिचा नवरा त्या जत्रेपुरता माहेरच्या गावचा गडी झाला. नारळ घेतला नाही अशी लेक आजवर कोणाला आठवत नव्हती, त्यामुळे या गोष्टीचा कोणी विचारही केला नव्हता. साऱ्या भादव्यात वेल्ह्यानं मानसिंगचा दम, मानसिंगचे पाय, मानसिंगचा चुलता सगळं तोलून पाहिलं होतं. नारळ घेशील का, हे अंजनाला मात्र कोणी विचारलं नव्हतं. देवळापुढं रामभाऊंनी नारळ सावळारामच्या पिशवीत घातला आणि त्याला गाडीत बसवून दिलं.

भोरला गाडी बदलून तो घाटाच्या गाडीत बसला. ती अर्ध्या वाटेत तापून उभी राहिली, आणि बाकीची वाट त्यानं नीरेच्या कडेकडेनं चालत काढली. हिर्डोशीला पोचला तर धोंडाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या.

"इवाई आलं," त्या हसून म्हणाल्या. "सून खाली खाचरात हाय. गडी सराव करत्यात, त्यास्नी पाणी घिऊन गेलीया."

सावळाराम बांधापर्यंत खाली उतरला. कापणी झालेल्या खाचरात रेघा आखल्या होत्या, घामाघूम गडी गोल करून बसले होते आणि अंजना कळशीतलं पाणी ओतत होती. डोक्यावर पदर, पण आवाज चांगला ठणठणीत.

"गेनूकाका कायम डाव्या कोपऱ्यात असतो," ती सांगत होती. "आन् पकडीला जायच्या आदी चड्डीची नाडी चाचपतो. त्याचा हात नाडीवर गेला की वळायचं, थांबायचं न्हाई."

मानसिंग मान हलवत होता. बाकीचे गडी शाळेतल्यासारखे ऐकत होते.

सावळाराम बांधावरच थबकला. नाडीची ही गोष्ट त्यानंच एकदा हॉटेलात हसत हसत सांगितली होती. मागं कपबशा विसळणारी पोर ऐकते आहे, हे कोणाच्या गावीही नव्हतं. इतक्या वर्षांच्या साऱ्या गप्पा ती घेऊन आली होती आणि आता कळशीतल्या पाण्याबरोबर हिर्डोशीला वाटत होती.

तिनं बापाला पाहिलं आणि जीभ चावली.

घरी गेल्यावर सावळारामनं नारळ काढून पुढं धरला. अंजनानं पदर पसरला नाही. मानसिंग दाराशी बसला होता, त्याच्याकडे सावळारामनं आशेनं पाहिलं.

"तिचा नारळ हाय, मामा," तो म्हणाला. "ती म्हनंल तसं."

"दादा, म्या न्हाई घेत," अंजना बापाला म्हणाली. "ह्ये तिकडनं खेळलं तर हितं चढाई कोण करंल? आल्यापासनं बायका इचारत्यात, तुजा गाव आमचा गडी न्हेनार का. म्या त्यास्नी सांगितलं, माजा गाव ह्योच हाय."

सावळारामचा चेहरा पडला. रामभाऊ, गेनू, कुंडलिक, सगळे डोळ्यांपुढं आले. वेल्ह्याचा माणूस म्हणून त्याला खरोखर राग आला, आणि त्या रागातच तिचं शेवटचं वाक्य त्याला पुन्हा ऐकू आलं. पोर इथं झुरत असती तर माहेरचा नारळ तिनं हिसकावून घेतला असता, छातीशी धरून रडली असती. ही तर हक्कानं नाही म्हणत होती. संक्रांतीपासून छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं आणि त्याला कडकडून भूक लागली.

त्यानं नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी पोटभर खाल्ली. धोंडाबाईंनी आणखी वाढली, तीही खाल्ली. हातांच्या चिरांना धोंडाबाई रोज कोकमाचं तेल चोळतात, हेही त्याला जेवता जेवता कळलं. निघताना अंजना बांधापर्यंत आली.

"रागावला, दादा?"

"वेल्ह्याचा मानूस म्हनून रागावलोय," तो म्हणाला. "बाप म्हनून न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो वेल्ह्याला उतरला तर सगळे हॉटेलात वाटच बघत होते. फुलाबाईनं चूल पेटवली होती.

"घेतला?" रामभाऊंनी विचारलं.

"न्हाई घेतला."

मग जो कल्ला झाला तो थांब्यावरच्या गाडीतल्या माणसांनीही ऐकला. लेकीनं असं करावं, जावयानं गप्प बसावं, बापानं नारळ परत आणावा, एकेकाचा उद्धार झाला. गेनूनं शेवटी बाकड्यावर हात आपटला. "मंग यवढं लगीन लावून वेल्ह्याला मिळालं काय?"

"वेल्ह्याला काय बी न्हाई मिळालं," सावळाराम म्हणाला. "माजी पोर तितं रमली."

फुलाबाईनं चुलीकडे तोंड करून डोळे पुसले. रामभाऊ बरं झालं, असं काहीतरी पुटपुटले. गेनूला मात्र जत्रा दिसत होती. तो उठून सावळारामजवळ आला.

"त्यांचा सराव तरी बघितलास का? काय नवं काढलंय त्यांनी?"

सावळारामनं गेनूकडे पाहिलं. वीस वर्षांचा दोस्त, एका ताटात जेवलेला, आणि बोलता बोलता त्याचा हात आपसूक नाडीवर गेला होता. सांगायचं सगळं सावळारामच्या जिभेवर आलं. त्यानं फडकं उचललं आणि कप पुसायला घेतला.

"लांबनं बघितलं," तो म्हणाला. "नीट दिसलं न्हाई."