कुंपणापलीकडचा बाप

एल्मा नोस्केने डॉटीला कापडी पिशवीत धरलं आणि तिच्या पोटावरच्या पिशवीत हळूच करंगळी घातली. आत काहीतरी उबदार, गुळगुळीत हललं. चटका बसल्यासारखं तिने बोट मागे घेतलं.

"पुन्हा?" ती डॉटीला म्हणाली.

डॉटी म्हणजे सशाएवढं बेटाँग, कांगारूच्या गोतावळ्यातलं सगळ्यात खटपटं. सुटताच तिने गवताची जुडी शेपटीत गुंडाळली आणि उड्या मारत घरटं गाठलं. प्रश्न आपल्याला नव्हताच, असा तिचा आव होता.

एल्माचं डोकं चक्रावलं. मिंका गेल्यावर पुन्हा मांजर पाळायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. मिंकाने चौदा वर्षांत दारात आणून टाकलेले सरडे आणि पाखरं तिनेच पुरली होती. पाळायचा तर इथल्याच मातीतला जीव पाळावा, म्हणून तिने परवाना काढला, अंगणाला हातभर खोल गाडलेली जाळी मारून घेतली आणि ईस्टरला, बेटाँग वाढवणाऱ्या लिंडनरबाईंकडून डॉटीला आणलं. एकटी मादी. आली तेव्हा पिशवीत पिल्लू होतं. ते मोठं झाल्यावर नियमाप्रमाणे परत दिलं आणि एल्मा दोन दिवस धड जेवली नाही. पण हे दुसरं? पाच महिन्यांत डॉटीने नराचं तोंडही पाहिलं नव्हतं. आणि परवान्याच्या वहीत आईच्या शेजारी बापाचाही रकाना होता.

शेजारचा क्लेम पास्को कुंपणावर कोपरं टेकून सगळं बघत होता.

"आमच्या सार्जंटवर आळ घेऊ नकोस हं," तो म्हणाला. "तो बोका आहे. तोही खच्ची केलेला."

"चेष्टा पुरे, क्लेम. जाळी ओलांडून बाहेरून कोणी आला असेल."

"बाहेरून?" क्लेम हसला आणि मग हसायचा थांबला. बाहेर, त्या माळावर, त्याच्या वडिलांनीसुद्धा कधी बेटाँग पाहिलं नव्हतं. कोल्ह्यांनी आणि मांजरांनी त्यांचा केव्हाच फडशा पाडला होता. "आजोबा पोतं भरून धरून आणायचे," तो हळूच म्हणाला. "कुत्र्यांना घालायला."

"एखादा उरला असेल तर?"

त्या संध्याकाळपासून सार्जंट घरात कोंडला गेला. आठ वर्षं एल्मा कानीकपाळी ओरडत होती आणि क्लेम म्हणत होता, बोक्याला भिंती मानवत नाहीत. आता कधी न दिसलेल्या एका नरासाठी त्याने खिडक्यासुद्धा लावून घेतल्या.

रोज दिवेलागणीला एल्मा शेंगदाण्याच्या लोण्यात ओट्स मळून त्याचे गोळे कुंपणाबाहेर ठेवी. सकाळी ते नसत. मग चहा पिताना ती उगीचच गुणगुणायची. इतक्या वर्षांनंतर एक जण शिल्लक होता आणि तो तिच्या दारी येत होता. या वयात एवढा आनंद झेपेल का, असं तिला वाटे.

तीन आठवड्यांनी, वही भरायचीच वेळ आली तेव्हा, तिने सकाळी लिंडनरबाईंना फोन लावला.

"अहो एल्मा, नर कशाला यायला हवा?" बाई म्हणाल्या. "इथून निघतानाच तिची तयारी होती. एक पिशवीत, एक पोटात. पिशवी रिकामी होईपर्यंत पोटातलं वाढत नाही, वाट बघत थांबतं. मी सांगितलं नव्हतं का?"

"नाही."

"वेंधळीच मी. बाप आमचा बार्नी. लिहून टाका."

एल्माने लिहिलं, बार्नी. मग पेन ठेवलं आणि तिला रडू आलं. तीन आठवडे जगलेला तिचा तो नर आत्ता, या टेबलावर मेला होता. मग गोळे कोण खात होतं? रात्री झाडांवर हिंडणारं पॉसम असेल, कावळे असतील. तिला काही सुचेना. पलीकडे सार्जंट बंद खिडकीमागे गळा काढत होता. क्लेमला खरं सांगितलं, की संध्याकाळी ती खिडकी उघडणार. नाही सांगितलं, तर एकोणसत्तर वर्षांत न केलेली लबाडी होणार. आणि ही लबाडी तरी होती का, हेच तिला कळत नव्हतं.

फाटक वाजलं. क्लेम धापा टाकत थेट स्वयंपाकघरात आला.

"एल्मा, पाहिला! आज उजाडताना, बाभळींच्या तिथे. शेपटीत गवत धरलं होतं गं! मी हललोसुद्धा नाही."

एल्मा त्याच्याकडे बघत राहिली. क्लेमच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. शेपटीने गवत वाहणारी डॉटी तो रोज बघत होता. पण थापाड्या तर तो कधीच नव्हता.

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की म्हणजे काय? डॉटीला दिवस राहिले ते काय वाऱ्याने? तोच असणार."

एल्माने हाताखालची वही मिटली.

"सार्जंट कुठे आहे?"

"घरात. पडदे फाडतोय. फाडू दे."

तिने त्याच्यासाठी खुर्ची ओढली, फळीवरून शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी काढली आणि झाकण फिरवता फिरवता विचारलं,

"कुठल्या बाजूला गेला?"