हरणीचा बाप

होळी आठवड्यावर आली होती आणि हरणी माजावर आली होती. लोणखेड्याच्या शिवाजी पाटलांच्या घरात त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही. घोडी दाव्याला ओढ देत होती, शेपटी उचलून सारखी खिंकाळत होती, आणि शिवाजी अप्पा ओसरीवरून तबेल्यात अन् तबेल्यातून ओसरीवर येरझारा घालत होते.

धडगावपासून शिरपूरपर्यंतच्या जत्रांमध्ये हरणीनं शर्यती मारल्या होत्या. मग पुढच्या पायाची शीर दुखावली आणि पळणं संपलं. तेव्हापासून अप्पांच्या मनात एकच गोष्ट होती, तिचं शिंगरू. त्यासाठी घोडाही त्यांनी ठरवून टाकला होता, खापरच्या गौतमचंद शेठचा नवाब. शेठचं कापडाचं दुकान होतं, पण जीव सगळा घोड्यांत. नवाबचं नाव गुजरातच्या हद्दीपलीकडेही घेतलं जाई. दोघा दोस्तांचं बोलणं होऊन गेलं होतं.

अडून बसली होती ती गायत्री, अप्पांची एकुलती एक मुलगी. ती गुरांची डॉक्टर. शहाद्याला दवाखाना टाकण्याआधी तिनं पुण्याकडे शर्यतीच्या घोड्यांच्या एका पैदास केंद्रात नोकरी केली होती. तिथं कुठली घोडी कुठल्या घोड्याला दाखवायची यावर महिनामहिना खल चाले. दोघांच्या पाच-पाच पिढ्या समोर मांडायच्या, दोन्हीकडे एखादा गाजलेला पूर्वज लांबवर सापडला तर जोडी पक्की करायची, जवळ सापडला तर सोडून द्यायची. कारण रक्त दोन्हीकडून आलं की वेगाला जोर चढतो तसा दोषालाही चढतो.

नवाबची तीन पिढ्यांची वंशावळ शेठकडे होती. हरणीची काहीच नव्हती. अप्पांनी ती सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली तेव्हा विकणाऱ्यानं राजस्थानची म्हणून सांगितलं होतं, आणि यात्रेत प्रत्येक घोडी राजस्थानचीच असते. गायत्रीला डाचत होतं ते हरणीचं तोंड. तिचे वरचे दात खालच्या दातांच्या जरा पुढे होते. हरणीला चरताना त्याचा त्रास नव्हता. पण पुण्याकडे गायत्रीनं एक शिंगरू पाहिलं होतं, वरचा जबडा पोपटाच्या चोचीसारखा पुढे आलेलं. आईचा सड त्याच्या तोंडात टिकायचा नाही. ते जगलं नव्हतं.

हरणी विकणारा दोधू आता धंदा सोडून विसरवाडीच्या चौफुलीवर चहाची टपरी चालवत होता. गायत्रीनं अप्पांकडे एक दिवस मागून घेतला. त्यांनी कुरकुरत दिला. सकाळीच ती स्कूटीवरून निघाली.

दोधू आधी राजस्थान म्हणाला. मग काठेवाड म्हणाला. गायत्रीनं वाद घातला नाही. सुरतकडे जाणारे ट्रक एकामागून एक थांबत होते आणि दोधू मध्येच उठून गिऱ्हाईक करून येत होता. शेवटी तिनं हरणीच्या आईबद्दल विचारलं, तेव्हा त्याचा आवाज बदलला. ती घोडी त्यानं स्वतःच्या हातानं वाढवली होती, तिच्यासारखी पुन्हा मिळाली नाही म्हणाला. आणि मग त्याच ओघात सांगून गेला की गौतमचंदचे वडील एकदा पालीताण्याला यात्रेला गेले होते, त्यांचे घोडे सांभाळणारा मोतद्दार दोधूचा यार होता, आणि त्या दिवसांत दोधूनं गुपचूप आपली घोडी त्यांच्या मुश्की नावाच्या काळ्या घोड्याला दाखवून घेतली. हरणी त्याचीच.

गायत्रीच्या हातातला चहा तसाच राहिला. मुश्की हा नवाबचा बाप होता. म्हणजे हरणी आणि नवाब एकाच बापाची होती.

घोड्याचे दलाल भाव वाढवायला नावाजलेल्या घोड्याचं नाव लावतात, हे तिला माहीत होतं. तिनं दोधूला सरळ विचारलं, खरं का?

"आते माले काय इकानं नही शे," दोधू म्हणाला. "खोटं कसाले बोलू?"

तिनं अप्पांना फोन लावला. मागे गाडीचा आवाज येत होता. खापरकडे रिकामा पिकअप चालला होता, माज उतरेल म्हणून अप्पांनी हरणीला त्यात चढवलं होतं आणि ते तळोद्याच्या पुढे पोचले होते. तिनं सांगायला सुरुवात केली तशी ते म्हणाले, जे काय असेल ते खापरला बोलू, आणि फोन ठेवून दिला.

नंदुरबार, तळोदा करत ती निघाली. रस्त्याच्या कडेला पळस पेटले होते, पण तिचं लक्ष नव्हतं. अक्कलकुव्यात होळीचा बाजार भरला होता. डोंगरातून उतरलेल्या बायका-माणसांची गर्दी, ढोल घेणारे, घुंगरू घेणारे, वाटेत उभ्या जीपगाड्या. स्कूटी ढकलत तिथून बाहेर पडायलाच बराच वेळ गेला, आणि त्या सगळ्या वेळात तिला वाटत राहिलं की आपण उशिरा पोचणार.

पोचली तेव्हा शेठच्या वाड्यालगतच्या मोकळ्या जागेत बांबूच्या आडभिंतीच्या एका बाजूला हरणी बांधलेली होती, दुसऱ्या बाजूला नवाब पाय आपटत होता. अजून काही झालं नव्हतं. गौतमचंद शेठनी पाणी दिलं, उन्हातनं आलीस, बस म्हणाले. ती बसली नाही. नवाबचं तोंड बघू द्या म्हणाली. शेठ हसले, पण त्यांनी लगाम धरला. तिनं ओठ वर केला. वरचे दात पुढे होते. हरणीपेक्षा थोडे जास्तच.

"शेठजी, मुश्कीचं तोंड असंच होतं ना?"

शेठनी लगाम दुसऱ्या हातात घेतला. "होतं थोडं. पण तो पळायचा कसा, ते तुझ्या अप्पांना विचार."

मग तिनं दोधूनं सांगितलेलं सगळं सांगितलं. शेठना वडिलांच्या पाठीमागे झालेली ही गोष्ट नवी होती. अप्पा मात्र हरणीकडे बघत होते.

"अप्पा, ह्या दोन्ही एकच बापना शेत," गायत्री म्हणाली. "शिंगरूनं तोंड बिघडी जाई."

"आनि नही बिघडनं ते?"

न बिघडण्याचाही संभव होता, आणि तिला खोटं बोलता आलं नाही. तसं तिनं सांगितलं.

"मंग तुलेबी माहीत नही, मालेबी माहीत नही," अप्पा म्हणाले आणि त्यांनी आडभिंत काढायला लावली.

तिला निघून जाता आलं असतं. पण हरणी लाथा झाडत होती, शेठची माणसं घाबरलेली होती, आणि आधीच दुखावलेला तो पाय पुन्हा मुरगळला असता. गायत्रीनंच पुढे होऊन मोहरकी धरली आणि सगळं होईपर्यंत घोडीच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली.

हरणी फळली. सोनोग्राफी गायत्रीनंच केली. मग अकरा महिने असे गेले की एका जागी बसणं तिला जमेना. दवाखान्यात आलेल्या प्रत्येक जनावराचं तोंड ती आधी उघडून बघे, पायाला जखम असली तरी. हरणीचे केस तपासणीला पाठवून नातं पक्कं करून घ्यावं असं तिला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा तिनं ते सोडून दिलं. कळून आता काय करणार होती? अप्पांशी बोलणं खुराक आणि पाण्यापुरतं उरलं. अप्पा पूर्वी पारावर बसून येणाऱ्या शिंगराच्या गप्पा मारत, तेही त्यांनी बंद केलं होतं. तिला वाटलं, आपल्यावरचा राग.

संक्रांत उलटल्यावर एका सकाळी, धुकं उसावरून उठत असताना, हरणी व्याली. मादी शिंगरू, शिंगी झाली, काळीभोर. गायत्रीनं पाय पाहिले नाहीत, अंग पुसलं नाही, आधी ओलं तोंड उघडून आत बोट घातलं. वरची हिरडी खालच्या हिरडीवर बरोबर बसत होती. तिनं पुन्हा पाहिलं. शिंगीनं तिचं बोट चोखायला सुरुवात केली. गायत्री तिथंच कडब्यावर बसली.

अप्पा तबेल्यात नव्हते. आई दारात उभी होती. तिनं बांधाकडे हात केला. "तठे पाठ फिराईसन उभा शेतस. आत येवाले धीर व्हई नही ऱ्हायना."

"अप्पा," गायत्रीनं हाक मारली, "तोंड चांगलं शे."

अप्पा आले. त्यांनीही पाय पाहिले नाहीत. वाकून आपलं जाडजूड बोट शिंगीच्या तोंडात घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

गावातली माणसं येऊन गूळ खाऊन गेली. पोरीचं पुस्तक खोटं पडलं असं दोघं-तिघं अप्पांना ऐकू जाईल असं म्हणाले. फासा नीट पडला होता एवढंच गायत्रीला कळत होतं. पुढच्या वेळी तो तसाच पडेल असं नव्हतं, आणि या शिंगीच्या रक्तात ते तोंड लपून होतंच.

गौतमचंद शेठचा फोन आला. ते खुशीत होते. शिंगीचा व्हिडिओ पाठवा, सगळ्यांना दाखवतो म्हणाले, आणि हरणीला लगेच पुन्हा घेऊन या. अप्पा कळवतो म्हणाले. दुपारी ते गायत्रीजवळ येऊन बसले आणि सांगू लागले. दिवाळीत ते एकटेच विसरवाडीला जाऊन आले होते. दोधू आपण खोटं बोललो म्हणेल, या आशेनं. दोधूनं चहा पाजला आणि तेच पुन्हा सांगितलं. त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागला नव्हता.

गायत्रीनं विचारलं, मग मला का नाही सांगितलं.

"तुन्हाकडे कोणतं तोंड लिसन येऊ?" ते म्हणाले. मग उठताना म्हणाले, "पुढला घोडा तू देख. हाऊ घोर माले परत नको."

संध्याकाळी त्यांनी शेठना फोन करून नकार दिला आणि कारणही लपवलं नाही. नवाबला दाखवायला येईल त्या घोडीचं तोंड आधी तपासा, एवढंही सांगितलं. शेठना ते लागलं. इतक्या वर्षांच्या दोस्तीनंतर माझ्या घोड्याला नाव ठेवता, म्हणाले. त्यानंतर उन्हाळा लागेपर्यंत खापरहून फोन आला नाही.

मग एका दुपारी दवाखान्यासमोर पिकअप थांबला. तळोद्याचा जालमसिंग नावाचा माणूस घोडी घेऊन आला होता. घोडी आजारी नव्हती. गौतमचंद शेठनी सांगितलं होतं, नवाबला दाखवायची असेल तर आधी शहाद्याच्या डॉक्टरबाईंना तोंड दाखवून आण.

गायत्रीनं ओठ वर केला. दात थोडेसे पुढे होते, अगदी थोडेसे. दुसरा कुणी असता तर लक्षातही आलं नसतं. तिनं घोडीच्या आईबापाची चौकशी केली. जालमसिंगला आईपुरतंच माहीत होतं. बाप शोधून काढा, तोवर थांबा, ती म्हणाली. त्यानं घोडीकडे बघितलं. ती फळीवर लाथा मारत होती. आज नाही दाखवली तर माज जाईल, तो म्हणाला. पुढच्या महिन्यात येईल परत, ती म्हणाली. तो मान हलवून गाडीत बसला.

पिकअप तळोद्याच्या रस्त्याला लागला. खापरचा रस्ताही तोच. तो घरी थांबणार की पुढे जाणार, ते कळायला मार्ग नव्हता. गायत्री हात धुवायचे विसरून दारातच उभी राहिली, मग तिनं फोन घेतला आणि शेठचा नंबर लावला.