बोटं गेली, पत्ता नाही

शिकागोच्या कत्तलखान्यांमागच्या वस्तीत एडिथ क्रॉली सहा वर्षं राहत होती. तिथं गोरगरिबांसाठी ती चालवत असलेल्या सेवागृहात आलेल्याचं गुपित कुणापाशी फोडायचं नाही, हा नियम तिनंच घालून दिला होता.

मंगळवारी दुपारी दारावर लाथ बसली. कत्तलखान्यात काम करणारा काझिमिएझ आत घुसला. कामावरून तसाच, अंगावर रक्ताळलेला एप्रन आणि हातात सत्तूर.

"बायको कुठंय माझी?"

तीन दिवसांपूर्वी त्याची बायको व्हेरोनिका मोडक्या बरगड्यांनिशी, कडेवर पोरगी घेऊन आली होती. एडिथनं तिला एका विधवेच्या घरी लपवलं होतं. कुठं, ते एकट्या एडिथलाच ठाऊक.

"सांगणार नाही."

"तुला ना नवरा, ना पोर! दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसतेस?"

"तिनं दार ठोठावलं, मी उघडलं. ते खाली ठेव."

त्यानं सत्तुराची मूठ तिच्या तोंडावर हाणली. दात तुटून जिभेवर आला. मग तिचा डावा हात टेबलावर दाबून तो म्हणाला, "बोल!"

पत्ता अगदी ओठांशी आला होता. एडिथनं डोळे मिटले. घाव बसला. दोन बोटं टेबलावरून खाली पडली आणि तिची किंकाळी ऐकून स्वयंपाकीण ब्रिजिट धावली. तिनं उकळत्या सुपाचं पातेलं त्याच्या तोंडावर रिकामं केलं.

पोलीस आले. गुरासारखं ओरडणाऱ्या काझिमिएझला त्यांनी दंडुक्यांनी सोलून काढलं.

"पुरे! मरेल तो!" एडिथ भिंतीला टेकून ओरडली.

"बाई, वेड लागलं काय तुम्हाला?" एक पोलीस म्हणाला.

"माणूस आहे तो. थांबा म्हणते ना!"

चौथ्या दिवशी व्हेरोनिका एडिथला भेटायला इस्पितळात आली. पट्ट्यांकडे बघून रडली, मग हळूच म्हणाली, "मी कोर्टात त्याच्याविरुद्ध बोलणार नाही, ताई. पोरीचा बाप आहे."

एडिथच्या अंगाचा तिळपापड झाला. याचसाठी का हात दिला? उजवा हात उचलावा आणि हिच्या थोबाडीत द्यावी, असं तिला वाटलं. तिनं तो हात पांघरुणाखाली दाबून धरला.

"तुझ्या बरगड्यांचं तू ठरव," ती शेवटी म्हणाली. "माझ्या बोटांचं मी बोलेन."

ती बोलली. त्याला सात वर्षांची कैद झाली. व्हेरोनिका धुलाईखान्यात लागली. महिन्यातल्या एका रविवारी ती तुरुंगात नवऱ्याला भेटायला जाई. त्या दिवशी पोरगी एडिथकडे असे.