बोलावे

आमचा विभाग भूखंडांचा. ज्यांच्या जमिनी शहरात गेल्या त्यांना बदल्यात भूखंड द्यायचा, आणि मधल्या काळात माणूस गेला तर कागदावर वारसाचं नाव लावायचं. मधला काळ बराच मोठा असल्यामुळे आमच्याकडे दुसरं काम जास्त. मी नंदकिशोर, या प्राधिकरणात सत्तावीस वर्षं आहे. इथे आल्यावर मी कामाच्या आधी शेरे वाचायला शिकलो. साहेबांनी समासात 'पाहिले' लिहिलं तर पाहिलेलं नाही असं धरायचं. 'तपासून सादर करावे' म्हणजे पुढच्या महिन्यात बघू. आणि 'बोलावे' म्हणजे फाईल घेऊन माझ्या केबिनमध्ये या, समक्ष बोलू. हे कुठल्याही नियमपुस्तकात नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

प्राचीला माहीत नव्हतं. ती आमच्याकडे येण्याआधी महाप्याच्या एका खासगी कंपनीत होती. तिथे एका शुक्रवारी दुपारी चाळीस जणांना मेल आला आणि सोमवारी त्यांची कार्डं गेटवर चालेनाशी झाली. त्या चाळिसांत ही होती. मग कोपरखैरण्याच्या घरात दार लावून दोन वर्षं अभ्यास, परीक्षा, आणि आमच्याकडे लिपिक. परिवीक्षा दोन वर्षांची. तेवढा काळ डाग न लागता गेला की नोकरी पक्की. मी सांगतोय तेव्हा त्यातले अडीच महिने उरले होते, आणि ती ते टेबलावरच्या कॅलेंडरवर एकेक दिवस खोडत होती.

पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं होतं, "सर, खरं सांगा, इथे फायदा काय आणि तोटा काय?"

मी म्हटलं, "माझी मुलगी दहावी होईपर्यंत रोज सकाळी मी तिला शाळेत सोडलं. खासगीत असलेल्या माझ्या भावाला त्याच्या मुलाची इयत्ता विचारा, तो बायकोकडे बघतो. हा फायदा."

"आणि तोटा?"

"सत्तावीस वर्षांत काय केलंत असं कोणी विचारलं तर जावक रजिस्टर दाखवावं लागतं."

ती हसली. तिला तो विनोद वाटला.

जानेवारीत टेबलांची फेरवाटणी झाली आणि माझ्या उजव्या हाताच्या, सहसा न उघडल्या जाणाऱ्या गठ्ठ्यातल्या साठेक जुन्या फायली तिच्याकडे गेल्या. त्यात घणसोली गावच्या गिरजाबाईंची होती. नवरा गेलेला, वारस म्हणून हिचं नाव लावायचं. अडचण एवढीच की नवऱ्याच्या कागदांवर 'गिरजाबाई', रेशनकार्डावर 'गिरिजा' आणि आधारवर नुसतं 'गिरजा'. चार वर्षांत तीन साहेब बदलले. तिघांनीही अर्जदाराच्या नावाखाली रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'बोलावे'. पहिले साहेब रजेवर होते, मग त्यांची बदली झाली. दुसऱ्यांकडे मी एकदा गेलो तर ते मीटिंगमध्ये होते. तिसऱ्यांकडे, म्हणजे आत्ताच्या साहेबांकडे, गेलोच नाही. का नाही गेलो याला काही कारण नाही. कोणी विचारलं नाही, एवढंच.

प्राचीने फाईल उघडली, तीन वेळा 'बोलावे' वाचलं आणि तिचा सरळ समज झाला की तीन-तीन साहेब या बाईला बोलवायला सांगतायत आणि कोणी बोलवत नाही. तिने त्याच दिवशी पत्र टाईप केलं, 'आपणास सुनावणीसाठी उपस्थित राहण्याचे कळविण्यात येते', तारीख घातली, वेळ घातली, आणि पाठवून दिलं. मला तिने सांगितलंही. मी मोबाईलवर काहीतरी बघत होतो, 'बरं' म्हणालो.

ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेच्या तासभर आधी, गिरजाबाई हजर. ऐंशीच्या पुढची बाई, काठी नाही, पत्र प्लास्टिकच्या पिशवीत. शिपायाने अडवलं तर तिने पत्र वर धरलं. "साहेबान् बोलावलंय मना. यो बघ."

साहेब चांगलेच गोंधळले. पण हॉल माणसांनी भरलेला, पत्रावर त्यांच्या कार्यालयाचा शिक्का, म्हातारी समोर उभी. तिला परत कसं पाठवणार? त्यांनी तिला खुर्ची दिली आणि फाईल मागवली.

"आजी, तुमचं नाव काय?"

"गिरजा."

"मग इथे गिरिजा कसं?"

"रेशनवाल्याला इचारा. मना लिवता येत नाय."

साहेबांना हसू आलं. या तिन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र खालच्या मजल्यावर करून घेतलं, हॉलमध्ये बसलेल्या तिच्याच गावच्या दोन माणसांच्या सह्या झाल्या, आणि दुपारच्या जेवणाआधी आदेश निघाला. चार वर्षांचं काम दीड तासात संपलं. गिरजाबाईने जाताना प्राचीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मला त्या क्षणी बरं वाटलं, आणि लगेच फार वाईट वाटलं.

संध्याकाळी साहेबांनी मला आत घेतलं. "हे पत्र कोणाच्या आदेशाने गेलं?"

मी सांगितलं.

"उद्या गावात कळलं की बोलवून काम होतं, तर तीनशे लोक दारात उभे राहतील. खुलासा मागवा तिचा. परिवीक्षा वाढवायची का, ते नंतर बघू."

खुलासा मागणारं ज्ञापन मीच तयार केलं. मसुदा माझ्याकडे तयारच असतो, फक्त नाव भरायचं. प्राचीने ते उभ्यानेच दोनदा वाचलं. परिवीक्षा वाढली तर सेवापुस्तकात नोंद, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच टांगणीला लागणं. शुक्रवारचा तो मेल तिला पुन्हा आला होता.

"पण काम झालं ना, सर?"

"ते कोणी नाकारत नाहीये."

दुसऱ्या दिवशी तिने खुलासा लिहून मला दाखवायला आणला. चांगला लिहिला होता. शेऱ्याचा अर्थ चुकीचा समजला हे तिने कबूल केलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'तथापि सदर नस्ती चार वर्षे कोणत्याही कार्यवाहीविना प्रलंबित होती, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणते.'

"ही ओळ काढा," मी म्हटलं. "साहेबांना खुपेल."

ते खरंच होतं. साहेबांना खुपलं असतं. पण त्या चार वर्षांत ती नस्ती, म्हणजे फाईल, कोणाच्या टेबलावर होती हेही त्यांनी विचारलं असतं, आणि माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. प्राचीने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. ती हुशार मुलगी आहे. तिने पेन घेतलं आणि ती ओळ शांतपणे खोडली. तिच्या जागी मी सांगितलेलं वाक्य लिहिलं: 'यापुढे वरिष्ठांच्या लेखी आदेशाशिवाय कोणताही पत्रव्यवहार करणार नाही.'

खुलासा मान्य झाला, ज्ञापन मागे घेतलं गेलं. एप्रिलमध्ये तिला कायम केल्याचा आदेश निघाला. तिने सगळ्या मजल्याला पेढे वाटले. आईला घेऊन आली होती. आईने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, म्हणाली, तुम्ही सांभाळून घेतलंत. मी पेढा घेतला.

मे महिन्यात गिरजाबाई परत आल्या. सोबत त्यांच्या आळीतली राजाबाई, तशीच म्हातारी, तशीच प्लास्टिकची पिशवी. हिच्या नवऱ्याच्या नावात काहीतरी काना-मात्रेची चूक होती आणि अर्जाला सहा वर्षं झाली होती.

"पोरी," गिरजाबाई म्हणाल्या, "माज्यासारखं हिलापन एक पत्र धाड. सायेब चांगला हाय, बोलावलं का काम करतो."

प्राचीने कपाटातून फाईल काढली. उघडून शेरा वाचला, 'बोलावे'. साहेबांची केबिन दहा पावलांवर होती, दार उघडं होतं, साहेब आत एकटेच चहा पीत होते. तिने एकदा तिकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. मी म्हणू शकलो असतो, 'जा, विचारून ये.' तीन शब्द होते. मी रजिस्टरमध्ये मान घातली.

"आजी, तसं पत्र पाठवता येत नाही," प्राची म्हणाली. आवाज अगदी नम्र होता. "तुमचा अर्ज आहे आमच्याकडे. तुम्ही घरी जा, आम्ही कळवू."

राजाबाईने मान डोलावली आणि विचारलं, कधी.  प्राचीने फाईल बंद केली, नाडी बांधली आणि गठ्ठ्यात ठेवली, उजव्या हाताला.