खाडा

धाकटा खुर्चीतून दुसऱ्यांदा घसरला, तेव्हा आकडेबाईंनी हातातला माउस सोडला आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला वर ओढलं. नीट बस ना रे, असं त्या म्हणाल्या आणि मग स्वतःवरच चिडल्या. हाताला मनगटापर्यंत पट्टी, अंगात ताप, आणि सख्खी बहीण म्हणतेय नीट बस.

"बसलोय की," धाकटा म्हणाला. "जरा डोळा लागला."

त्याच्या मांडीवर लेबलांचा गठ्ठा होता. वाकडी छापलेली लेबलं बाजूला काढायची, एवढंच त्याचं काम. परवापर्यंत तो प्रेसवर डब्यांची पत्र्याची झाकणं पाडत होता. परवा दुपारी प्रेसनं झाकणाबरोबर त्याच्या उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं पहिलं बोटही दाबलं. कारखान्याच्या डॉक्टरांनी टाके घातले, घरी पडून राहायला सांगितलं, आणि काल सकाळी कंपनीची गाडी त्याच्या दारात येऊन उभी राहिली. तेव्हापासून तो बहिणीच्या खोलीत, फाइलींच्या कपाटाशेजारी बसून होता. याला कारखान्यात 'हलकं काम' म्हणत.

आकडेबाईंचं खरं नाव कारखान्यात फारसं कुणाला आठवत नसे. मुख्य कचेरी दरवर्षी एक हिरवा अहवाल काढायची. किती पाणी वापरलं, किती वीज जाळली, कचऱ्याचं काय केलं, किती माणसांना इजा झाली, सगळं त्यात. त्यासाठी आणलेलं सॉफ्टवेअर उलट्या झाडासारखं होतं. वर कंपनी, तिच्याखाली प्रदेश, मग कारखाने, मग विभाग, आणि विभागांना लटकलेले रकाने. प्रत्येक रकान्याला एक मालक. मालकानं आकडा भरायचा, पुरावा जोडायचा, साहेबांनी मंजुरी द्यायची, की तो आकडा बेरजेत मिसळून वर जायचा. इथल्या बहुतेक रकान्यांपुढे आकडेबाईंचं नाव होतं. घराच्या दारावरच्या पाटीवरसुद्धा त्यांचं नाव नव्हतं, त्यामुळे पडद्यावर एवढ्या ठिकाणी ते दिसलं की त्यांना मनातून बरं वाटायचं.

आपल्या कामाचा त्यांना भारी अभिमान. नव्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी दम भरत, की रिकामा रकाना आणि शून्य यांची गल्लत करायची नाही. रिकामं म्हणजे ठाऊक नाही. शून्य म्हणजे जाऊन पाहिलं आणि काही नव्हतं. पाण्याचे मीटर वाचणाऱ्यानं एकदा कंटाळा करून शून्य भरलं, तर भर उन्हात त्यांनी त्याला पुन्हा टाकीपर्यंत पिटाळलं होतं. तो अजूनही त्यांना पाहिलं की रस्ता बदलतो.

आज संध्याकाळी वर्षाचे आकडे बंद व्हायचे होते. सगळीकडे हिरवे ठिपके लागले होते, फक्त प्रेस विभागाचा एक रकाना उघडा होता. 'इजेमुळे बुडालेले दिवस.' कामगारांच्या भाषेत, खाडे. नियम असा, की माणूस कामावर आला आणि सुटी होईपर्यंत थांबला तर दिवस बुडाला नाही. येऊन तो काम करतो, कण्हतो की खुर्चीतून घसरतो, याच्याशी सॉफ्टवेअरला देणंघेणं नव्हतं.

आकडेबाईंचं कशात लक्ष लागेना. त्या उठून पाण्याची बाटली भरून आल्या. एक घोट घेतला, झाकण लावलं आणि पुन्हा उठल्या. खिडकी उघडली तर प्रेसचा धडधडाट आत यायला लागला आणि प्रत्येक ठोक्याला धाकटा दचकायला लागला, म्हणून पुन्हा बंद केली. त्याला प्रेसवर चिकटवण्यासाठी साहेबांकडे शब्द त्यांनीच टाकला होता. परवापासून ही गोष्ट त्यांचा पिच्छा सोडत नव्हती.

साहेब दाराशी आले. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून तिसऱ्यांदा चौकशीला येत होता आणि येताना आपल्या घरच्या थर्मासमधला चहा धाकट्यासाठी आणत होता. चहा देऊन झाल्यावर त्यांनी पडद्याकडे मान वळवली आणि तेवढं शून्य टाकून घ्या म्हणून सांगितलं.

"त्याला ताप आहे, साहेब."

"मग त्याला काय आपण दगड फोडायला लावलंय? पाच वाजू द्या. गाडी देतो, मी स्वतः दवाखान्यात येतो. पण त्याच्या आधी तो गेटबाहेर पडला तर दिवस बुडाला धरावा लागेल, तुम्हीच मला हा नियम शिकवलात."

ते खरं होतं. साहेबांनी धाकट्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते गेले. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतं, हे बाईंना माहीत होतं.

"टाक की शून्य," धाकटा म्हणाला. "यंदा एकही खाडा नाही म्हणून सुरक्षेची ढाल आमच्या विभागाला मिळणार आहे. वर्षभर सगळे जपून राहिले, आणि मीच माती खाल्ली. माझ्यामुळे गेली तर तोंड कुठं दाखवू?"

"ढाल काय डोक्यावर घेऊन झोपणार आहेस?"

"तुला नाही कळायचं. तू इथं बसतेस."

हे मात्र बाईंना झोंबलं. त्या पडद्याकडे वळल्या आणि त्यांनी शून्याच्या बटणावर बोट नेलं. तेवढ्यात भावजयीचा फोन आला. रात्रभर ते कण्हत होते, पहाटे काहीबाही बरळत होते, मी जाऊ नका म्हटलं तर माझ्यावरच ओरडले, असं ती सांगत होती. "ताई, तुम्ही तिथं आहात म्हणून मी पाठवलं हो," ती म्हणाली.

फोन ठेवून बाई धाकट्याजवळ गेल्या. त्यानं नको नको म्हटलं तरी त्याची बाही वर सारली. पट्टीच्या वरून, मनगटापासून कोपराच्या दिशेनं, एक लालसर रेघ चढत गेली होती. पट्टीला वास येत होता. कालपासून हा हात त्यांच्यापासून दोन पावलांवर होता, आणि त्या वीज-पाण्याच्या बेरजा जुळवत बसल्या होत्या.

रकाना रिकामा सोडून द्यावा, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. आपण काही भरलंच नाही, म्हणजे आपण खोटं बोललो नाही. पण रिकाम्या रकान्यानं वर्ष बंद होत नाही. साहेब आपल्या हातानं शून्य टाकतील आणि पुढे मालक म्हणून नाव बाईंचंच राहील. आणि ठाऊक नाही असं त्या आता कोणत्या तोंडानं म्हणणार होत्या?

त्यांनी मोबाइल काढला, धाकट्याच्या हाताचा फोटो घेतला, तो पुराव्याच्या जागी जोडला आणि रकान्यात दोन हा आकडा भरला, कालचा एक आणि आजचा एक. सॉफ्टवेअरनं विचारलं, नियमाप्रमाणे कामगार हजर असताना दिवस बुडाला का धरला? बाईंनी टाइप केलं, 'तो खुर्चीत बसवलेला होता. मी शेजारी होते.' एवढं लिहून त्यांनी बटण दाबलं. इजेचा इशारा साहेबांच्या मंजुरीसाठी थांबत नसे. विभागाचा ठिपका लाल झाला, मग कारखान्याचा, मग त्याच्या वरचा.

"काय केलंस, ताई?"

"ऊठ. चप्पल घाल."

"मी येणार नाही."

"ऊठ म्हटलं ना!" त्या ओरडल्या, आणि लहानपणी ऐकायचा तसा तो उठला.

गेटकडे जायला प्रेसच्या शेडमधूनच वाट होती. बाईंनी त्याला कमरेला धरलं होतं आणि तो मान खाली घालून चालला होता. माणसं काम करता करता पाहत होती. बाईंच्या टेबलावरचा कचेरीचा फोन एव्हाना वाजायला लागला असणार. टॅक्सीत धाकट्यानं तोंड खिडकीकडे केलं, ते दवाखाना येईपर्यंत तसंच ठेवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि थेट शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितली. हात वाचेल, त्या म्हणाल्या. बोटाबद्दल त्या काही म्हणाल्या नाहीत, आणि विचारायचा बाईंना धीर झाला नाही.

पुढे व्हायचं ते झालं. ढाल दुसऱ्या विभागाला गेली. मुख्य कचेरीतून फोन आले, चौकशी झाली, साहेबांना खुलासा द्यावा लागला. त्यांनी आदळआपट केली नाही. फक्त इजेचे सगळे रकाने आकडेबाईंच्या नावावरून काढून आपल्या नावावर घेतले आणि थर्मास घेऊन त्यांच्या खोलीत यायचे थांबले. बाईंकडे पाणी, वीज आणि कचरा उरला. आपलं काही चुकलं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी त्या रिकाम्या जागा पाहून त्यांना वाईट वाटायचं.

त्याहून वाईट म्हणजे धाकटा बोलत नव्हता. त्या रोज कामावरून परस्पर त्याच्या घरी जात. भावजय चहा टाकी, इकडचं तिकडचं बोले, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. बाई चहा संपवून, येते रे, म्हणून निघत.

एका संध्याकाळी त्या गेल्या तर तो उठून बसला होता. मोठी पट्टी निघाली होती आणि बोटावर लहानशी उरली होती. भावजय चहा टाकायला आत गेली.

"किती खाडे झाले माझे?" त्यानं एकदम विचारलं.

"आता ते साहेब मोजतात."

"मी आजवर एक खाडा केला नव्हता." तो हाताकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, "खुर्चीतले धरायचे का?"

"धर."

सवयीनं त्याचा अंगठा त्याच हाताच्या पेरांवरून फिरायला लागला. करंगळीची तीन पेरं झाली. तिच्या शेजारच्या बोटाची झाली, मधल्या बोटाची झाली. अंगठा पहिल्या बोटाच्या मुळाशी टेकला, तिथून वर सरकला आणि हवेतच थांबला. वर मोजायला काही नव्हतं.

धाकटा तसाच बसून राहिला. आकडेबाई पलंगावर त्याच्याजवळ सरकल्या आणि त्यांनी आपला हात उघडून त्याच्यासमोर धरला. त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं त्यानं अंगठा तिच्या करंगळीच्या पेरावर टेकवला आणि पुढचे दिवस मोजायला लागला.