कोच ब्रँटचे चार चेले

माझी बायको मृणालिनी बारा वर्षं नॉर्थफोर्क स्टेट कॉलेजच्या फुटबॉल खात्यात फिल्म चिकटवत होती. मी त्याच कॉलेजात मातीशास्त्र शिकवायचो. आम्ही मिनेसोटात आलो एकाहत्तर साली. नागपूरची तिची गणितातली एम.एस्सी. तिथे कुणाला नको होती. त्र्याहत्तरमध्ये ही जागा निघाली आणि ती म्हणाली, घरात बसण्यापेक्षा बरं.

हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. यात पायाला फारसं काम नाही. बॉल हातात घेऊन पळायचं, नाहीतर पुढे फेकायचा. आता हे पळणार आहेत की फेकणार आहेत, एवढं समोरच्याला आधी कळलं तर अर्धी मॅच तिथेच संपते. म्हणून प्रत्येक टीम दुसऱ्या टीमच्या मॅचेसची फिल्म मागवून बघत बसते. ती फिल्म कापायची, सारखे सारखे तुकडे एकत्र जोडायचे आणि रिळं तयार ठेवायची, हे मृणालचं काम. एकच धाव ती दिवसातून पन्नास वेळा पुढे-मागे फिरवून बघायची.

तिसऱ्या वर्षी एकदा जेवताना ती म्हणाली, "अहो, या शनिवारी ज्यांच्याशी मॅच आहे ना, त्यांचा डावीकडचा तो जाडा. फेकायचं असलं की त्याची टाच आधीच उचललेली असते. पळायचं असलं की पाय सपाट."

"मग सांग की त्यांना," मी म्हणालो.

तिने डेनिस कोवालला सांगितलं. हेड कोच लायल ब्रँटच्या हाताखाली जे चार असिस्टंट कोच होते, त्यांतला हा सगळ्यांत तरुण. फिल्मरूममध्ये येऊन तिच्या हातचा चहा पिणारा तो एकटाच. त्या शनिवारी टीम जिंकली. पुढच्या मंगळवारी डेनिस वही घेऊन आला. मग दर मंगळवारी येऊ लागला, आणि हळूहळू बाकीचे तिघेही. मृणाल देवनागरीत टिपणं काढायची, ती इंग्रजीत सांगायची, ते टाइप करून ब्रँटपुढे ठेवायचे. कागदाच्या खाली नाव टाइप करणाऱ्याचं.

"माझं नाव का नाही?" तिने मला एकदा विचारलं.

"येईल पुढेमागे. आत्ता उगाच कशाला," मी म्हणालो. माझं टेन्युअर, म्हणजे कायम नेमणूक, व्हायचं होतं आणि ब्रँटचा शब्द कॉलेजात प्रेसिडेंटच्या वर चालायचा.

सत्त्याहत्तर ते त्र्याऐंशीच्या दरम्यान ते चौघेही एकेक करून दुसरीकडे हेड कोच म्हणून गेले, आणि चौघेही जिंकू लागले. शेवटचा गेला डेनिस, विस्कॉन्सिनमधल्या एका कॉलेजात. जाताना त्याने मृणालला मिठी मारली आणि म्हणाला, हे मी विसरणार नाही.

चौऱ्याऐंशीत एका स्पोर्ट्स मॅगझिनने ब्रँटवर पाच पानी लेख छापला. त्यात म्हटलं होतं, कोचची उंची त्याने जिंकलेल्या मॅचेसवरून मोजू नये, त्याच्या हाताखालून गेलेल्या माणसांनी पुढे काय केलं त्यावरून मोजावी. त्या मापाने लायल ब्रँटएवढा मोठा कोच आख्ख्या मिडवेस्टमध्ये नाही. चौघांचे फोटो होते, मधे ब्रँटचा. त्याला विचारलं होतं, तुम्ही यांना नेमकं दिलं काय? त्याचं उत्तर मोठ्या अक्षरांत होतं: 'मी त्यांना बघायला शिकवलं.'

मृणालने तो लेख ओट्याजवळ उभ्या उभ्या वाचला. वाचून झाल्यावर मॅगझिन माझ्या हातात दिलं आणि पोळ्या लाटायला लागली.

लेखाच्या निमित्ताने कॉलेजने डिनर ठेवलं. चारही चेले आले. जुन्या मॅचेस दाखवायच्या होत्या, म्हणून मृणाल प्रोजेक्टरवर. ती हिरवी इरकल नेसून आली होती. कुणा वार्ताहराने विचारलं, या बाई कोण? ब्रँटने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "ही आमची फिल्म-लेडी. फुटबॉलमधलं हिला ओ की ठो कळत नाही, पण कात्री मात्र सरळ चालवते."

सगळे हसले. चौघे चेले हसले. माझ्या टेबलावर डीन बसले होते, मीही हसलो. आणि ते तिने पाहिलं.

घरी जाताना मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "तुमचं नंतर बघू."

पंच्याऐंशीत फिल्म गेली, व्हिडिओ आला. टेप कापावी लागत नाही, म्हणून तिची जागा रद्द झाली. तिने ब्रँटला पत्र लिहिलं की मला व्हिडिओरूममध्ये घ्या, मला खेळ वाचता येतो. सेक्रेटरीच्या सहीचं दोन ओळींचं उत्तर आलं. चौघा चेल्यांना पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही.

त्या सप्टेंबरात आम्ही व्हीसीआर घेतला. ब्रँटचा सीझनमध्ये दर रविवारी टीव्हीवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम असायचा. त्यात आदल्या दिवशीच्या मॅचची, मैदानाच्या कडेवरून घेतलेली दृश्यं दाखवायचे. मृणाल तो कार्यक्रम रेकॉर्ड करायला लागली. मला वाटलं, बिचारीला कामाची आठवण येते. पण ती खेळाडूंकडे बघतच नव्हती. आवाज बंद करून ती फक्त ब्रँटकडे बघायची.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरमध्ये डेनिसचा फोन आला. नोव्हेंबरात त्याच्या टीमची मॅच होती ब्रँटशीच, प्रथमच. आधी इकडच्या तिकडच्या गप्पा, मग हळूच म्हणाला, "मिसेस सबनीस, तुमच्या डोक्यात काही आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "पण एक अट आहे. जिंकलास तर प्रेससमोर माझं नाव घ्यायचं. आजवरचं सगळं सांगायचं."

"वचन देतो," डेनिस म्हणाला.

तिने सांगितलं ते असं. प्रत्येक चाल ब्रँट एका खेळाडूच्या तोंडी आत पाठवायचा. पळायची चाल असेल तर त्याच्या पाठीवर थाप मारायचा आणि सोडायचा. फेकायच्या चालींची नावं लांबलचक. पोरगं विसरेल म्हणून त्याच्या हेल्मेटची जाळी धरून तोंड जवळ ओढायचा आणि मगच बोलायचा. सोळा रविवारच्या टेप्समध्ये हे तीनदाच चुकलं होतं.

मॅचला विस्कॉन्सिनला मीच तिला ड्राइव्ह करून घेऊन गेलो. डेनिसने स्टँडमध्ये वर दुर्बीण घेऊन एक माणूस बसवला होता. ब्रँटने जाळी धरली की तो खाली फोन करायचा, डेनिसचा एक असिस्टंट लाल टॉवेल खांद्यावर टाकायचा, आणि डेनिसची सगळी पोरं फेकणाऱ्यावर तुटून पडायची. अर्ध्या वेळापर्यंत ब्रँटची टीम लोळागोळा झाली होती. शेवटी एकतीस-तीन. मृणाल थर्मासमधला चहा पीत शांत बसली होती. मी तिच्याकडे बघितलं तर तिचे ओठ हलत होते. प्रत्येक चालीआधी ती पुटपुटत होती, पळ, फेक, फेक, पळ.

मॅच संपल्यावर आम्ही प्रेसच्या खोलीत मागे उभे राहिलो. डेनिसने आम्हाला पाहिलं. मग माइकजवळ वाकून म्हणाला, "मला जे काही येतं ते सगळं कोच ब्रँटनी शिकवलंय. आज मी फक्त त्यांचाच धडा त्यांना म्हणून दाखवला." ब्रँटने उठून त्याला मिठी मारली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो. खाली लिहिलं होतं की या पराभवाने लायल ब्रँट आणखी मोठा झाला.

परतताना गाडीत मी, मूर्खासारखा, म्हणालो, "आपल्याकडे म्हणतातच ना, शिष्यादिच्छेत् पराजयम्."

तिने साठ मैल जाऊ दिले. मग म्हणाली, "शिष्य कुणाचा?"

त्या गुरुवारी तिने ब्रँटची वेळ मागून घेतली. मला म्हणाली, "तुम्हीपण चला. आणि या वेळी हसू नका."

ब्रँट चांगल्या मूडमध्ये होता. तिने पर्समधून टेप काढली आणि त्याच्याच ऑफिसातल्या व्हीसीआरमध्ये घातली. त्याचाच रविवारचा कार्यक्रम. त्याने खेळाडूला आत पाठवलं की ती चित्र थांबवायची, "फेक" किंवा "पळ" म्हणायची आणि पुढे सोडायची. पहिल्या चार वेळा तो हसत होता. नवव्या वेळी खुर्चीत पुढे सरकला. सतराव्या वेळी त्याने स्वतःच टीव्ही बंद केला.

"हे डेनिसला कुणी सांगितलं?"

"मी. टाच उचलणारा जाडा कुणी पकडला होता, आठवतं? तोही मीच. नऊ वर्षं मंगळवारी तुमच्या टेबलावर यायचे ते कागद माझे. तुम्ही त्या चौघांना बघायला शिकवलं नाहीत, कोच. मी शिकवलं. आणि तुम्हाला काय दिसतं, ते शनिवारी सगळ्यांनी पाहिलं."

तो खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, "काय पाहिजे तुम्हाला? नोकरी?"

"नाही."

"मग पेपरवाल्यांना सांगणार?"

"माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तुम्हाला कळलं, बस झालं."

ती उठली. दारापाशी गेल्यावर त्याने विचारलं, आणि तेव्हा मात्र त्याचा आवाज उतरला होता, "आणखी काही आहे का? माझं. दिसण्यासारखं."

"आहे," मृणाल म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

पार्किंग लॉटमध्ये मी विचारलं, "आणखी काय आहे?"

"काही नाही," ती म्हणाली. "गाडी काढा."

पुढची दोन वर्षं मी ते पाहत होतो. ब्रँट मैदानावर हात खिशात घालून उभा राहू लागला. बोलताना तोंडापुढे कागद धरायचा. चाली आत पाठवायची पद्धत त्याने एका सीझनमध्ये चारदा बदलली. पोरांच्या डोक्यात इतका गोंधळ की मधेच उभी राहून एकमेकांना विचारायची. असिस्टंटांवर संशय घेऊ लागला, दोघांना काढलं. सत्त्याऐंशीत टीमने तीन मॅचेस जिंकल्या, अठ्ठ्याऐंशीत एक. रविवारचा कार्यक्रम त्याने स्वतःहून कॅन्सल केला. आपण कसे दिसतो हे बघणं त्याला नको झालं असावं, असं मला वाटतं.

डेनिसचे फोन दर ऑक्टोबरला यायचे. मृणाल रिसीव्हर उचलायची, त्याचा आवाज ऐकायची आणि खाली ठेवायची. त्याचीही टीम पुढे हरायला लागली.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात ब्रँटने राजीनामा दिला. पेपरांनी पुन्हा चार चेल्यांची यादी छापली, पण या वेळी लेख आतल्या पानावर होता, आणि दोघा चेल्यांचीही नोकरी तोपर्यंत गेली होती. मृणालने पत्रकार परिषद टीव्हीवर शेवटपर्यंत बघितली. तिच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान कधी पाहिलं नव्हतं. मला, खरं सांगतो, थोडी भीती वाटली.

एप्रिलमध्ये ब्रँट मला हार्डवेअरच्या दुकानात भेटला. एकटाच होता, वाळलेला दिसत होता. गवताच्या बियांच्या पोत्यापाशी उभा राहून त्याने मला विचारलं, प्रोफेसर, माझ्या लॉनवर शेवाळ चढलंय, काय करू? मला कसंतरीच झालं. मी त्याला सविस्तर सगळं समजावलं.

घरी येऊन मृणालला सांगितलं. मनात म्हटलं, आता तरी तिला दया येईल.

"काय सांगितलंत त्याला?"

"चुना टाक म्हणालो. किती, तेही सांगितलं. जास्त झाला तर गवतच जळतं."

तिने भाजी चिरायची थांबवली नाही. "दुप्पट सांगायचा होतात," ती म्हणाली.